साठी, चाकांवरचं घर आणि माहेरची न्हाणी

पोफळीची सावली

१६ डिसेंबरला मला साठ वर्षं पूर्ण झाली. तो दिवस मी डिचोली तालुक्यातल्या माझ्या जन्मगावी काढला, पण कुणाच्या घरी नाही, तर देवळासमोरच्या मैदानात उभ्या केलेल्या आमच्या गाडीत. परत येऊन तीन आठवडे झाले तरी मन तिथेच घुटमळतंय, म्हणून इथे मंचावर लिहून काढते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी गाडीचं. आमचे हे एसटीत मेकॅनिक होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर कोल्हापूरजवळ. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा २०१७ सालची एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि ह्यांनी आतल्या सीट काढून दीड वर्षात तिचं घर केलं. मागे आडवा पलंग, डाव्या हाताला दोन शेगड्यांचा ओटा, त्याखाली एकशेवीस लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर आणि कपाटाएवढं संडास-बाथरूम. भांडी मोजकी. दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले. तिसरं ताट ठेवलंच नव्हतं, कारण आम्ही दोघंच असतो.

आता माहेरचं. चिऱ्यांचं घर, पुढे तुळस, मागे विहीर आणि अकरा पोफळी. बाबा गेल्यावर आई आणि धाकटा भाऊ तिथे राहायचे. भावाचे दोन टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, खाणीवर चालायचे. आमच्या भागात तेव्हा ज्याच्या-त्याच्या दारात टिपर असायचा. पावसाळा सरला की रस्ता लाल, झाडं लाल, दोरीवरचे कपडे लाल, आणि त्या लाल धुळीवरच चुली पेटायच्या. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. मध्ये काही काळ सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. टिपर दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. आई २०१८ च्या पावसाळ्यात गेली. पुढच्या वर्षी भावाने घर विकलं आणि म्हापशाला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेला. मी सह्या केल्या. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी कुणाशी भांडलं नाही. पण त्यानंतर तो मला "बाय, कधी येतेस?" असं विचारेनासा झाला, आणि मीही फोनवर खुशाली विचारून थांबू लागले. सहा वर्षं मी गोव्यात पाऊल टाकलं नाही.

मुलीने साठीचा मोठा बेत केला होता. हॉल, साठीशांत, दीडशे पानं. मी म्हटलं, मला गावी जायचंय. ती म्हणाली, "आई, तिथे आता आपलं आहे कोण? राहणार कुठे?" कुठे राहणार याचं उत्तर अंगणात उभं होतं. कोण आहे, याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

११ तारखेला निघालो. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत बांद्याला उतरलो आणि पत्रादेवीला हद्द ओलांडली. पहिला मुक्काम कवळ्याला. शांतादुर्गा आमची कुलदेवता. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या निवासात, एक खोली घेतली, गाडी वाहनतळावर लावायची रीतसर परवानगी मागितली, आणि झोपलो मात्र गाडीतच.

संध्याकाळी देवीपुढे बसले असताना बाबांचं बोलणं आठवलं. देवी मूळची कवळ्याची नाही. ती झुवारीपलीकडच्या केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा माणसांनी तिला उचलून नदी ओलांडली आणि इकडे अंत्रूजात, म्हणजे फोंड्याकडे, आणली. मंगेश कुठ्ठाळीहून मंगेशीला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. बाबा हे दर जत्रेला सांगायचे आणि मी दरवेळी इतिहास म्हणून ऐकायचे. या वेळी मी ते घर गेलेल्या बाईसारखी ऐकत होते. किती रात्री त्या होडीत बसलेल्या माणसांनी मागे वळून पाहिलं असेल! आणि आज साडेचारशे वर्षांनी तिथे ओटी भरताना कुणालाच ती जागा परकी वाटत नाही. मी बराच वेळ बसून राहिले. ह्यांनी घाई केली नाही.

मग दोन रात्री काणकोणात, एका घरगुती निवासाच्या माडांखाली. पाणी-वीज धरून रात्रीचे सहाशे रुपये. १३ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव होता. गाडीच्या मागच्या दारात पाय सोडून आम्ही दोन वाजेपर्यंत बसलो. मिथुनेत गुरू ठळक चमकत होता आणि त्याच्या आसपासून उल्का सुटत होत्या. एकोणतीसपर्यंत मोजल्या, मग मोजायचं सोडून दिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. गोवा राज्य झालं त्याच १९८७ साली आमचं लग्न झालं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं नुसतं आकाश बघत चार तास बसलोय, असं मला आठवत नाही.

१५ तारखेला दुपारी गावात शिरलो. देवस्थान समितीच्या माणसाने मला ओळखलं, बाबांच्या नावाने ओळखलं, आणि मैदानाच्या कडेला वडाखाली गाडी लावून दिली. तिथून आमचं घर तीनशे पावलांवर. मी त्या बाजूला तोंडसुद्धा केलं नाही. रात्री भावाला फोन केला. म्हटलं, "आम्ही गावात आलोय. उद्या जेवायला ये." पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "गावात? खंय?" मी म्हटलं, "गाडीत. माझ्या घरी."

पहाटे साडेपाचला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला आणि मी उठले. झाडांच्या वर चंद्राची बारीक कोर होती. पाव आणायला म्हणून उतरले. पोदेर वळणावर निघून गेला होता, त्याच्या मागे चालू लागले, आणि पाय जिथे जायचे तिथेच गेले. कुंपण बदललंय. कौलं काढून वर पत्रे घातलेत. पोफळी मोजल्या, नऊ आहेत. तुळशीपाशी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल अशी एक बाई पाणी घालत होती. तिने विचारलं, "कोण गो?" मी बाबांचं नाव सांगितलं आणि पुढे काही बोलायला सुचेना. तिने फाटक उघडलं.

घरात ओळखीचं फारसं काही उरलेलं नव्हतं. स्वयंपाकघरात फरश्या, भिंतींना वेगळा रंग. मी परक्या घरात फिरावं तशी अवघडून फिरत होते. मग मागच्या दाराने न्हाणीत डोकावले, आणि तिथे आमचं भाण होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भाण म्हणजे पाणी तापवायचं मोठं तांब्याचं भांडं, चुलीवर कायमचं बसवलेलं. आई त्याला चिंच लावून घासायची. ते तसंच होतं, खाली चुडतं (माडाच्या झावळ्या) पेटलेली, वर वाफ. ती बाई म्हणाली, "पयलींचें तांबें, आमी काडूंक ना." (आधीचंच आहे, आम्ही काढलं नाही.) मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उदक तापलां. न्हावन वच." पाणी तापलंय, न्हाऊन जा.

गाडीतली आंघोळ दोन मोजक्या तांब्यांची असते. पाच दिवस मी तशीच न्हात होते. त्या सकाळी मी माझ्या आईच्या न्हाणीत, माझ्या आईच्या भाणातलं कढत पाणी तांब्यावर तांबे घेत न्हाले. नंतर त्या बाईने माझ्या टाळूवर खोबरेल थापलं. आज माझा वाढदिवस आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

निघताना तिने मागच्या केळीची तीन पानं कापून हातात दिली.

भाऊ बारा वाजता स्कूटरने आला. भावजय कामावर होती, पण तिने अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, पाठवला होता. मंगळवार म्हणून बेत शाकाहारी. खतखतें, अळसांद्यांचं तोंडाक, भात, सोलकढी आणि मणगणें. ताटं दोन आणि माणसं तीन. मी तिन्ही पानं मांडली. पान बघून त्याने विचारलं, "हीं खंयचीं?" मी सांगितलं. त्याने घास तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, "बाय, मला वाटलं तू मला कधी बोलावणार नाहीस." मी म्हटलं, "मला वाटलं तू." एवढंच बोलणं झालं. सहा वर्षांचं ओझं आम्ही दोघंही वेगवेगळं वाहत होतो.

जेवण झाल्यावर तो ह्यांच्याबरोबर गाडीखाली शिरला. पाटे बघितले, ग्रीस बघितलं, मागच्या उजव्या चाकाचा आवाज येतो म्हणून ह्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. मग ह्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. २०१३ नंतर त्याने मोठ्या गाडीचं स्टिअरिंग धरलं नव्हतं. डिचोलीहून मयेच्या तळ्यापर्यंत त्याने गाडी नेली. मी मागे पलंगावर बसून त्याची पाठ बघत होते. बाबांसारखे खांदे आहेत त्याचे, हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

कऱ्हाकाठ

ताई, वाचून डोळे भरून आले. साठीच्या खूप शुभेच्छा. माझी साठी गेल्या वर्षी झाली. मुलांनी उग्ररथ शांत केली, हॉल घेतला, सगळं मनापासून केलं. पण संध्याकाळी खुर्च्या आवरल्यावर मी एकटाच बाहेर बसलो होतो आणि बोलायला जवळ कुणी नव्हतं. तुमच्यासारखी अर्धी भाकरी कुणाबरोबर वाटून खायला हवी होती असं आता वाटतंय. शांत मात्र नंतर तरी करून घ्या, असं माझं मत आहे. आपल्याकडे पन्नासाव्याला, साठाव्याला, सत्तराव्याला ह्या शांती सांगितल्यात त्या आयुष्यात थांबून मागे बघायला लावण्यासाठीच.

अवकाशवेडा

तुम्ही मिथुनेतल्या गुरूचं लिहिलंत म्हणून राहवत नाही. साठ हा आकडाच मुळी आकाशातला आहे. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे बारा वर्षं लागतात आणि शनीला सुमारे साडेएकोणतीस. म्हणजे साठ वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन. त्यावरच आपलं प्रभव ते क्षय असं साठ संवत्सरांचं चक्र बसलंय. तुमचा जन्म डिसेंबर १९६५ चा, शके १८८७, विश्वावसू संवत्सर. तुमची साठी झाली ते शके १९४७, पुन्हा विश्वावसू. तुम्ही जन्मलात त्या रात्रीही पंचांगाच्या हिशेबाने गुरू मिथुन राशीतच होता. तुम्ही काणकोणात मागच्या दारात बसून जो बघत होतात तो तुमच्या जन्माच्या वेळी होता त्याच राशीत, पाच फेऱ्या मारून, परत आलेला गुरू होता.

पोफळीची सावली

अवकाशवेडा, हे वाचून मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. संवत्सराचं नाव गुढीपाडव्याला पंचांगात वाचलं होतं, पण माझ्याशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं. आई असती तर तिला फोन करून सांगितलं असतं.

कऱ्हाकाठ, शांतीला माझा विरोध नाही. पाडव्यानंतर घरच्या घरी करायचं ठरवलंय. मुलीचं मन मोडायचं नाही.

तिरफळ

ताई, तुमचं लेखन मनाला भिडलं आणि तरीही मला एक गोष्ट बोलायची आहे. मी पेडणे तालुक्यातला, किनाऱ्याजवळ राहतो. सुट्ट्या लागल्या की बाहेरून येणाऱ्या गाड्या कुठेही थांबतात, सुरूच्या बनात चुली मांडतात, उरलेला भात आणि बाटल्या तिथेच टाकून जातात. दुसऱ्या दिवशी आम्हीच गोळा करतो. तुम्ही लेकीसारख्या आलात, परवानगी मागून राहिलात. पण तुमचं वाचून उद्या शंभर गाड्या तयार होतील आणि सगळ्यांचं माहेर इथे नसेल. ते सांडपाणी कुठे सोडणार? रात्री कुठे थांबणार? आमचे गावातले रस्ते एका गाडीचे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. कृपया हेही लिहा.

पोफळीची सावली

तिरफळ, तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं हे २०१९ पासून कायद्याने दंडनीय आहे. २०१९ मध्ये दंड एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,००० होता, नंतर तो वाढवला. वाळूवर गाडी घालणंही बेकायदा. आम्ही एकदाही बाहेर चूल मांडली नाही, जे शिजवलं ते गाडीत, खिडक्या उघडून. कचऱ्याच्या दोन पिशव्या, ओला आणि सुका, मुक्काम सोडताना तिथल्या माणसाला विचारून जिथे द्यायच्या तिथेच दिल्या. ओट्याचं आणि आंघोळीचं पाणी खालच्या वेगळ्या टाकीत साठतं, सत्तर लिटरची आहे. ते दोनदा रिकामं केलं, एकदा काणकोणच्या निवासाच्या शोषखड्ड्यात आणि एकदा भावाच्या ओळखीच्या गॅरेजच्या गटारीत, दोन्हीकडे मालकाला विचारून. संडासाची वीस लिटरची काढता येणारी टाकी आहे, ती फक्त सेप्टिक टाकी असलेल्या संडासातच ओतायची. कवळ्याला खोली घेतली ती याचसाठी. दोन माणसांना दिवसाला पस्तीस-चाळीस लिटर पाणी पुरतं, म्हणजे तीन दिवसांनी टाकी भरावीच लागते. याचा अर्थ दर तीन दिवसांनी कुणाच्या तरी दारात जाऊन "पाणी मिळेल का?" असं विचारावं लागतं. मला वाटतं, या प्रवासात मला हेच सगळ्यात जास्त हवं होतं. हॉटेलात राहिले असते तर मी कुणाच्याच दारात गेले नसते.

एक चूक कबूल करते. १४ तारखेला आम्ही गालजीबागच्या किनाऱ्याजवळ रात्र काढायचं ठरवलं होतं. संध्याकाळी तिथल्या एका माणसाने समजावलं की डिसेंबरात इथे ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडामागे जाऊन भरकटतात, गाडीचे दिवे, आवाज काही चालत नाही. आम्ही लगेच मागे फिरलो आणि पहिल्याच माडांत दुसरी रात्र काढली. हे निघण्याआधी माहीत करून घ्यायला हवं होतं.

गडग्यांचं म्हणाल तर गावात शिरायच्या आधी हे उतरून पायी रस्ता बघून यायचे. फांद्या आणि तारा बघायच्या, वळण बघायचं, मगच गाडी आत. दोन ठिकाणी आम्ही गेलोच नाही.

गिअर लिव्हर

मी कॅम्पर बनवायच्या विचारात आहे. परवाना वेगळा लागतो का? आणि जुनी गाडी बदलताना आरटीओचं काय?

सत्तरीकर

ताईंच्या आधी मी सांगतो, कारण मी टिपर चालवलाय आणि ही कागदपत्रं मला पाठ आहेत. गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. गाडीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी घ्यावी लागते आणि आरसीवर नोंद व्हावी लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. आधी आरटीओत जा, मग सीट काढा.

आता ताई, तुमच्या भावासाठी. माझे तीन टिपर होते. दोन भंगारात गेले, एक अजून गोठ्यामागे उभा आहे. त्याच्या टपावर वेल चढलाय. बायको विकून टाक म्हणते, माझ्याने होत नाही. तुम्ही लिहिलंत की त्याने किल्ली हातात घेतली आणि मयेपर्यंत गाडी नेली, ते मी चार वेळा वाचलं. खाणी बंद पडल्यावर पैशाचं बोलणारे खूप भेटले. सकाळी उठून कुठेच जायचं नाही, हे काय असतं ते कुणी विचारलं नाही. त्याला माझा नमस्कार सांगा.

बिनपत्त्याची

मी इथे वाचत असते, लिहीत नाही. आज लिहितेय. माझं माहेर वाई. आईबाबा गेले, घर दोन भावांत वाटलं गेलं, आणि मला दोन्हीकडे बोलावणं असतं. तरी मी सात वर्षं गेले नाही. कारण कुठल्या खोलीत झोपायचं हे मला आता विचारावं लागतं. त्याआधी कधी विचारलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी बाई माहेर सोडते का, असं मी स्वतःला कितीदा विचारलं. तुमच्या न्हाणीचं वाचल्यावर कळलं की हे माझ्या एकटीचं नाही.

पोफळीची सावली

बिनपत्त्याची, एवढीशी गोष्ट नाही ती. मला विचाराल तर त्यापेक्षा मोठी गोष्टच नाही. माहेरी बाई न विचारता फडताळ उघडते. ते गेलं की बाकीचं सगळं जागेवर असूनही पाय वळत नाहीत.

मला गाडीने एवढंच दिलं, की झोपायच्या जागेचा प्रश्न मी स्वतःबरोबर घेऊन गेले. कुणावर भार नाही, कुणाची खोली रिकामी करायला लावायची नाही. त्यामुळे मी भावाला भेटले तेव्हा माझ्या मनात फक्त तो होता. तुम्हाला गाडी नको असेल तर वाईत एखादी खोली भाड्याने घ्या, दोन रात्री. भावांना तिथे जेवायला बोलवा. पहिल्या पाच मिनिटांत त्यांना वाईट वाटेल, तुम्हालाही वाटेल. सहाव्या मिनिटाला काय होतं ते मला लिहा.

सत्तरीकर, तुमचा नमस्कार पोचवला. त्याने तुमचं लिहिलेलं मागून घेतलं, मी पाठवलंय. तुमच्या गाडीचं मॉडेल कोणतं, असं विचारतोय.

कऱ्हाकाठ

ताई, मणगण्याची कृती द्या ना. आणि दुसऱ्या दिवशी कुठे गेलात?

पोफळीची सावली

वाटीभर चण्याची डाळ दोन तास भिजवून शिजवायची, मऊ पण अख्खी राहील इतपत. मूठभर साबुदाणा वेगळा भिजवायचा. एका नारळाचा पहिला दाट रस बाजूला ठेवायचा, दुसऱ्या पातळ रसात डाळ आणि साबुदाणा काचेसारखा होईपर्यंत शिजवायचा, मग वाटीभर गूळ, चिमूट मीठ, वेलची, काजू. शेवटी शेगडी बंद करून दाट रस घालायचा, त्यानंतर उकळी आणायची नाही, रस फुटतो. गाडीत मिक्सर नाही, म्हणून मी खोबरं पाट्यावर वाटलं. एक छोटा पाटा ह्यांनी ओट्याखाली बसवून दिलाय. माझ्यासाठी गाडीत सगळ्यात जड वस्तू तीच.

दुसऱ्या दिवशी नार्व्याला गेलो, सप्तकोटेश्वराला. तोही घर बदललेला देव. मूळ दिवाडी बेटावरचा, तिथलं देऊळ पाडल्यावर नदीच्या या काठाला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शिलालेख अजून आहे तिथे, मी अक्षरांवरून हात फिरवला. मग गाडी काठावर ठेवून फेरीबोटीने दिवाडीला गेलो. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे पोचायला पाच-सात मिनिटंही लागली नसतील. बोटीत उभी राहून मी एकदा नार्व्याकडे आणि एकदा दिवाडीकडे बघत होते. दोन्ही काठ एकाच नजरेत मावतात. परत येताना आई आठवली. १९६७ च्या जनमत कौलाला बाबांनी फुलाला मत दिलं होतं, महाराष्ट्रात जाण्यासाठी. आई मला कडेवर घेऊन रांगेत होती, आणि तिने दोन पानांना दिलं, गोवा वेगळा राहावा म्हणून. हे तिने बाबांना कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं ते माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री. म्हणाली, "तू सीमेपलीकडे चाललीस, म्हणून सांगते." मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भावाला परवा सांगितलं.

तिरफळ

उत्तर वाचून समाधान वाटलं. पुढच्या खेपेला उत्तरेला आलात तर आमच्या आवारात गाडी लावा. विहीर आहे, पाणी गोड आहे. रस्ता रुंद आहे, मी मोजून सांगेन.

पोफळीची सावली

नक्की येऊ, आणि आधी विचारूनच येऊ.

काल रात्री भावाचा फोन आला होता. शिगम्याला या म्हणतोय. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून चार रात्रींसाठी मागच्या बाजूची जागा मागून घेतलीये, नळाला लांब पाइप लावून ठेवणार आहे. फाटकाच्या कमानीतून गाडी जाईल का, असं मी विचारलं. त्याने आधीच टेप लावून मोजलंय. कमान नऊ फूट चार इंच. आमची गाडी सोलरसकट आठ फूट अकरा.

आणि तिसरं ताट मी काल आणलं.